मॉइश्चर, काटा, चुकारा: कापूस खरेदीवरची व्हिडिओ बातमी मोबाइलवर कशी उभी करायची

हंगाम सुरू झाला की विदर्भातल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते आणि रोज तोच वाद होतो. ओलावा (मॉइश्चर) मोजणारं मीटर १३ टक्के दाखवतं. कास्तकार, म्हणजे शेतकरी, म्हणतो, कापूस कोरडा आहे. कापसाची प्रत तपासणारा ग्रेडर म्हणतो, गाडी वापस न्या. हा वाद मोबाइलवर टिपून अर्ध्या तासात टाकणारे आता तालुक्यातालुक्यात आहेत. तो व्हिडिओ दोन दिवस गावच्या ग्रुपांवर फिरतो आणि विरून जातो, कारण त्यात आवाज चढलेला असतो, पण आकडा नसतो, पावती नसते, समोरच्याची बाजू नसते. खरेदी केंद्रावरचा माणूस तो एका वाक्यात उडवून लावतो. ज्या कास्तकारानं तोंड उघडलं, तो पुढच्या खेपेला रांगेत एकटा पडतो.

खाली सहा मिनिटांची एकच बातमी धरून सगळं काम मांडलं आहे. विषय धानाचा असो, संत्र्याचा, पांदण रस्त्याचा की रोजगार हमीच्या मजुरीचा, कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

आधी नियम, मग कॅमेरा

सीसीआय, म्हणजे भारतीय कपास निगम, हमीभावानं जो कापूस घेते त्यात ओलावा ८ ते १२ टक्के चालतो. हमीभाव ८ टक्के ओलाव्यासाठी असतो. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात होते आणि १२ च्या पुढे कापूस घेतला जात नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता आणि मध्यम धाग्याचा ७,७१०. त्या भावानं लांब धाग्याच्या कापसात ओलावा १२ टक्के भरला तर ४ टक्के, म्हणजे ३२४ रुपये ४० पैसे वजा होतात आणि ७,७८५ रुपये ६० पैसे हाती येतात. ही कपात नियमातली आहे. तिला ‘लूट’ म्हटलं की पहिल्याच मिनिटाला बातमीचा पाया खचतो.

बातमी असते ती १२ आणि १३ च्या मधल्या रेषेवर. १३ आला की गाडी परत फिरते, भाडं अंगावर पडतं आणि तोच कापूस त्याच दिवशी खासगी व्यापाऱ्याकडे कमी भावात जातो. म्हणून मीटर कसं लावलं, कुठं लावलं आणि किती वेळा लावलं हे दाखवणं हाच या बातमीचा गाभा. हातातली ही मीटरं कापूस किती दाबला आहे, सुई किती खोल गेली आहे यावर वेगवेगळे आकडे देतात. दव पडलेल्या सकाळी गाडीतला वरचा थर आणि आतला थर यांतही फरक पडतो. हे माहीत नसलेला बातमीदार ग्रेडरलाही फसतो आणि कास्तकारालाही.

निघण्यापूर्वी वहीत तीन गोष्टी लिहा: नियम काय म्हणतो, लोकांचा आरोप नेमका काय आहे, आणि तो आरोप कोणत्या कागदानं किंवा कोणत्या दृश्यानं सिद्ध होईल किंवा खोटा ठरेल. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर अजून चित्रीकरणाची वेळ आलेली नाही.

कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज हंगामाच्या सुरुवातीलाच टाकून ठेवा, कारण उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. सीसीआय केंद्र सरकारच्या अखत्यारीत असल्यानं तिचा अर्ज केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर जातो, फी १० रुपये. तहसील, जिल्हा परिषद अशा राज्याच्या कार्यालयांसाठी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एका अर्जात एकच विषय ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवा. महाराष्ट्राच्या नियमांत तशी अट आहे. ‘खरेदीची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की अर्ज हमखास अडकतो. ‘अमुक केंद्रावर १ ते ३० नोव्हेंबर या काळात रोज किती क्विंटल खरेदी झाली, किती गाड्या नाकारल्या, नाकारण्याची नोंद ज्या रजिस्टरात आहे त्याची प्रत’ असं नेमकं मागा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा.

पिशवीत काय हवं

मोबाइल तुमच्याकडे आहे तोच चालेल. पहिला खर्च माइकवर करा. चित्र थोडं अंधूक असलं तर लोक सांभाळून घेतात, पण आवाज कळला नाही की पुढं सरकतात.

वायरचा साधा कॉलर माइक हजाराच्या आत मिळतो आणि वावरात तोच सगळ्यात भरवशाचा. नव्या फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा जोड लागतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये सेटिंगमधलं ‘ओटीजी’ (बाहेरचं उपकरण फोनला जोडायची सोय) चालू केल्याशिवाय माइक फोनला दिसतच नाही, आणि थोडा वेळ वापर झाला नाही की ते आपोआप बंद होतं. शिवाय फोनचं स्वतःचं कॅमेरा ॲप बरेचदा बाहेरचा माइक न घेता आतलाच माइक वापरतं. तपासायची रीत सोपी आहे: रेकॉर्डिंग सुरू करून कॉलर माइकवर नखानं खरडा, नंतर फोनच्या खालच्या छिद्राजवळ खरडा, आणि ऐका. पहिली खरखर मोठी आली तर बाहेरचा माइक चालू आहे. दुसरी मोठी आली तर ‘ओपन कॅमेरा’सारखं ॲप घ्या आणि त्यात आवाजाचा स्रोत ‘बाहेरचा माइक’ निवडा.

वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी घाला. नुसता स्पंज माळरानावरच्या वाऱ्याला पुरत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक, एक छोटा ट्रायपॉड, लेन्स पुसायला सुती कापड आणि मोकळी मेमरी एवढं पुरे. फुल एचडीत एका मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी जागा जाते, म्हणजे दीड तासाच्या चित्रीकरणाला १२ जीबीपर्यंत मोकळी ठेवा. फोर-केच्या मागं लागू नका. जागा खातं, फोन तापवतं, आणि तालुक्याच्या नेटवर ते चढतही नाही.

सेटिंग १०८० आणि २५ फ्रेम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेमवर बाजार समितीच्या ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसू शकतात. ॲपमध्ये शटर हातानं ठेवता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं.

उन्हाची गोष्ट वेगळी. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडं एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो. अशा उन्हात ट्रायपॉडवर लावलेला फोन काही मिनिटांत तापून कॅमेरा बंद करतो. कव्हर काढा, पडद्याचा उजेड कमी करा, फोनवर दुपट्ट्याची सावली धरा, आणि चार्जिंगला लावून चित्रीकरण करू नका. तापलेला फोन लगेच थंडगार पाण्याच्या बाटलीला टेकवू नका, लेन्सच्या आत वाफ धरते.

केंद्रावर

बाजार समितीचं यार्ड लोकांच्या वावराची जागा आहे, पण जिनिंग कारखाना खासगी मालकीचा असतो. आत जायला परवानगी मागा, नकार मिळाला तर तो नकार आणि वेळ वहीत लिहा आणि फाटकाबाहेर रस्त्यावरून काम करा. पोलीस ठाण्यात चित्रीकरण केलं म्हणून शासकीय गुपिते कायदा लावलेल्या वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही. याचा अर्थ कुठंही कसंही घुसावं असा नाही. कामात अडथळा आणल्याचा आरोप स्वतंत्रपणे लागू शकतो, म्हणून हात लांब आणि आवाज खाली ठेवा.

सगळ्यात आधी कोणाशीही न बोलता पंधरा मिनिटं रांग बघा. मग ही दृश्यं घ्या, प्रत्येक किमान दहा सेकंद, हात न हलवता: रांगेचं शेवटचं टोक ते फाटक, कापसात शिरणारा हात, मीटरचा आकडा इतका जवळून की दशांश वाचता यावा, काट्याचा पडदा, काट्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र आणि त्यावरची मुदत, पावती लिहिणारा हात, आणि आकडा ऐकल्यावरचा कास्तकाराचा चेहरा.

मीटरचं दृश्य मात्र वेगळ्या पद्धतीनं घ्यायचं. ते मध्ये कुठंही न तोडता एकाच सलग शॉटमध्ये हवं. आधी गाडी पूर्ण दिसू द्या, मग जवळ जा. ग्रेडर तयार असेल तर गाडीच्या तीन ठिकाणी मीटर लावायची विनंती करा: वरचा थर, हातभर आत, आणि मागच्या फळीजवळ. तिन्ही आकडे मोठ्यानं म्हणा, वेळ म्हणा. हा दीड मिनिटाचा सलग शॉट पुढं अर्धी बातमी पेलतो, कारण ‘कापून जोडलं’ असं त्याबद्दल म्हणता येत नाही. ११.८, १३.१, १२.४ असे आकडे आले तर तसेच दाखवा. फक्त १३.१ दाखवणं जितकं खोटं, तितकंच फक्त ११.८ दाखवणं खोटं.

निघण्यापूर्वी अर्धा मिनिट कोणी बोलत नसताना नुसता परिसराचा आवाज घ्या. संकलनात तुकडे जोडताना तो लागतोच.

मुलाखत

माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा, गमछ्याच्या घडीत जाणार नाही असा. जिनिंगची मशीन चालू असेल तर बोलणाऱ्याला मशीनकडं पाठ करून नाही, तर भिंतीच्या किंवा भरलेल्या गाडीच्या आडोशाला उभं करा. माणूस धुऱ्यावर किंवा ओट्यावर बसला असेल तर तुम्हीही बसा. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. उभ्यानं वरून घेतलेला कास्तकार आपसूक लाचार दिसतो, आणि तो तसा नसतो.

पहिली वीस सेकंद संमतीची. कॅमेरा चालू करून सांगा: हा व्हिडिओ यूट्यूबवर जाईल, गावात, केंद्रावर, व्यापाऱ्याच्या मोबाइलवरही दिसेल, नाव दाखवू का? उत्तर रेकॉर्ड होऊ द्या. ‘हो’ म्हटल्यावरही एकदा विचारा, ‘यांच्याकडंच पुढचा वेचा न्यायचा आहे ना?’ ज्याला अजून वीस क्विंटल त्याच केंद्रावर घालायचे आहेत, त्याला याचा विचार करायला वेळ द्या.

‘काका, कसं वाटतंय?’ या प्रश्नाला सुस्काऱ्याशिवाय काही मिळत नाही. विचारा: कापूस किती क्विंटल? गाडी कधी लावली? मॉइश्चर किती सांगितलं? भाडं किती लागलं? वापस नेला तर कुठं विकला, काय भावानं? पावती आहे? चुकारा (विकलेल्या कापसाचे पैसे) किती दिवसांनी आला? प्रत्येक उत्तरानंतर मनात पाचपर्यंत मोजा. पहिलं उत्तर लोक ठरवून देतात, खरं बोलणं बरेचदा त्या शांततेनंतर येतं.

वऱ्हाडी सुधारू नका. ‘पऱ्हाटी’, ‘वावर’, ‘काऊन’, ‘लय’ हे शब्द बोलीतच राहू द्या, पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकासाठी खाली एखाद्या शब्दाचा अर्थ द्या. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणाऱ्यांना मराठीत बोलायला भाग पाडलं तर माणूस दोन वाक्यांत आटपतो. त्यांच्या भाषेत बोलू द्या, आणि भाषांतर ती भाषा येणाऱ्या दोघांकडून वेगवेगळं करून ताडून बघा.

नाव लपवायचं असेल तर ते चित्रीकरणातच लपवा. नंतर चेहरा धूसर केला तरी चाल, आवाज, ट्रॅक्टरचा नंबर, घराचा दरवाजा, मागून कोणी मारलेली हाक यावरून गाव माणूस ओळखतंच. फक्त हात घ्या किंवा उजेड मागून येईल असं बसवा, आणि बोलणं दुसऱ्याच्या आवाजात म्हणवून घ्या. सातबारा किंवा पावती दाखवताना खातं क्रमांक, गट क्रमांक, आधार यांवर पूर्ण काळा चौकोन ठेवा.

दुसरी बाजू

ग्रेडर, केंद्रप्रमुख, बाजार समितीचे सचिव, जो संबंधित असेल त्याला लेखी तीन प्रश्न पाठवा, व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर दोन्हीकडं. किमान २४ तास द्या. ‘आपली प्रतिक्रिया द्यावी’ असं मोघम लिहिलं तर मोघमच उत्तर येतं. ‘अमुक तारखेला अमुक वेळी एकाच गाडीत तीन वेगळे आकडे आले. कोणता धरायचा हे कोण ठरवतं?’ असं लिहा. उत्तर आलं तर त्यातला मुख्य मुद्दा बातमीत घ्या, शेवटी उरकून नाही, आरोपाच्या लगेच नंतर. नाही आलं तर तारीख-वेळ सांगून तेवढंच म्हणा.

संकलन आणि चढवणं

घरी आल्यावर पहिलं काम कॉपीचं. मूळ फाइल संगणकावर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर, अशा दोन ठिकाणी. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीनं पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो आणि त्याची मूळ नोंद पुसली जाते. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. बदनामीचा खटला उभा राहिला तर मूळ फाइल हाच तुमचा आधार आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि अशा गुन्ह्याची दखल घ्यायची मुदत तीन वर्षं, म्हणून मूळ चित्रीकरण निदान तीन वर्षं पुसू नका.

निवेदन लिहून काढा. मिनिटाला ११० ते १२० शब्द धरले तर सहा मिनिटांच्या बातमीत तीन मिनिटांच्या निवेदनाला साडेतीनशे शब्द पुरतात. सुरुवात मीटरच्या आकड्यानं करा. चॅनेलच्या नावाचं फिरणारं चित्र, नमस्कार, ‘बेल दाबा’ यात पहिली वीस सेकंद घालवली तर ज्याला खरोखर माहिती हवी होती तो निघून गेलेला असतो. मागं करुण संगीत लावू नका. कास्तकाराच्या बोलण्याला सनईची गरज नाही, आणि संगीताच्या हक्कावरून दावा आला की कमाईही दुसऱ्याकडं जाते. वृत्तवाहिनीचे किंवा वृत्तसंस्थेचे तुकडे उचलून वापरू नका. ९० दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक झाले तर यूट्यूब अख्खं चॅनेल बंद करू शकतं.

आता चढवण्याचं गणित. सहा मिनिटांचा व्हिडिओ १०८० मध्ये ८ एमबीपीएस बिटरेटनं काढला तर फाइल साधारण ३६० एमबी होते. गावातल्या टॉवरवर चढतं नेट (अपलोडचा वेग) १ एमबीपीएस मिळत असेल तर ४८ मिनिटं लागतात. ७२० मध्ये ५ एमबीपीएसनं काढला तर २२५ एमबी आणि अर्धा तास. मोबाइलवर बघणाऱ्याला दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. पहाटे चार-पाचला टॉवर मोकळा असतो, तेव्हा लावा.

थेट ‘सार्वजनिक’ करू नका. आधी ‘खाजगी’ ठेवून चढवा. सुरुवातीला चित्र अंधूक दिसतं, चांगल्या दर्जाची प्रत तयार व्हायला वेळ लागतो. त्या वेळात दुसऱ्या माणसानं आवाज बंद करून एकदा आणि चित्र न बघता एकदा तपासावं. आकडे, नावांची अक्षरं, काळे चौकोन सरकले का, हे सगळं आत्ताच बघा. यूट्यूबवर एकदा गेलेली फाइल त्याच दुव्यावर बदलता येत नाही, फार तर कापता येते किंवा धूसर करता येते. चूक नंतर सापडली तर वर्णनात आणि सर्वांत वर चिकटवलेल्या कमेंटमध्ये तारखेसह दुरुस्ती लिहा.

मथळ्यात गाव, तारीख आणि गोष्ट येऊ द्या: ‘एकाच गाडीत तीन मॉइश्चर: अमुक केंद्र, १४ नोव्हेंबर’. ‘खळबळ’, ‘पर्दाफाश’ हे शब्द आत्ताच खर्च केले तर पुढच्या वेळी खरोखर काही मोठं सापडलं तर उपयोगी पडत नाहीत.

जिथं कॅमेरा खाली ठेवायचा

विदर्भात हे काम करताना आत्महत्येच्या घरी जावं लागतं. पहिल्या दिवशी कॅमेरा नेऊ नका. कसं केलं, कशानं केलं, चिठ्ठीत काय होतं हे सांगू नका, दाखवू नका. अशा तपशिलांनी त्याच मनःस्थितीतला दुसरा माणूस धोक्यात येतो. कर्ज हेच एकमेव कारण असं एका वाक्यात ठरवू नका. मुलांचे चेहरे नकोत. व्हिडिओत ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर निदान दहा सेकंद राहू द्या. पात्र ठरलेल्या कुटुंबाला सरकारकडून एक लाखाची मदत मिळते. प्रकरण पात्र ठरलं की अपात्र, कोणत्या निकषावर, फाइल कोणाच्या टेबलावर आहे, हे महिन्याभरानं विचारणं त्या घराच्या जास्त उपयोगाचं आहे.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची आणि कुठल्याही गुन्ह्याशी संबंध आलेल्या बालकाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. नाव टाळून गाव, शाळा, बापाचा धंदा सांगितला तरी ओळख उघड होतेच.

पैसा आणि ओळखपत्र

यूट्यूबच्या जाहिरातीतून पैसे सुरू व्हायला १,००० सदस्य आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. तिथवर पोहोचलं तरी तालुक्याच्या चॅनेलचं घर त्यावर चालत नाही, हे धरून चाला. ज्या व्यापाऱ्यावर बातमी होऊ शकते त्याची दिवाळीची जाहिरात घेऊ नका. घेतलीच तर व्हिडिओत सांगा आणि ‘सशुल्क जाहिरात’ची खूण करा. पैसे देऊन मिळणाऱ्या ‘प्रेस कार्डां’पासून दूर राहा. २०२३ चा नियतकालिकांच्या नोंदणीचा कायदा छापील नियतकालिकांसाठी आहे, यूट्यूब चॅनेलची नोंदणी त्यात होत नाही. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम मात्र डिजिटल बातम्या देणाऱ्यांना लागू होतात: तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क चॅनेलवर द्या आणि आलेल्या तक्रारीचा १५ दिवसांत निपटारा करा.

चॅनेलचा पासवर्ड एकाच्याच डोक्यात नको. दोन विश्वासू माणसांना अधिकार द्या आणि दुहेरी पडताळणी चालू ठेवा.

पाठपुरावा

बातमी गेल्यावर वहीत तीन तारखा टाका: आठवड्यानं त्याच केंद्रावर पुन्हा जायची, चुकारा खात्यात आला का हे विचारायची, आणि माहिती अधिकाराची मुदत संपायची. बोललेल्या कास्तकाराला दुसऱ्याच दिवशी फोन करा. त्याच्यावर कुणी दबाव आणला असेल तर तो पहिल्या दोन-तीन दिवसांतच येतो. दुसऱ्या भेटीत दोन मिनिटांचा व्हिडिओ पुरे: तेच फाटक, तोच कोन, आणि मीटर आता किती ठिकाणी लावतात ते.